दहशतवादी का घडतो? : सैद्धांतिक दृष्टिकोन आणि बंगळूरचा अनुभव

दहशतवादी कृत्य घडल्यानंतर समाजाच्या मनात पहिला प्रश्न 'कोणी केले?' हा उमटतो आणि दुसरा 'का केले?' हा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे तपासयंत्रणेचे व न्यायालयाचे काम आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र प्रत्येक जण आपापल्या परीने देत असतो. कोणी गरिबीकडे बोट दाखवितो, कोणी धर्माकडे, कोणी विकृत मनाकडे, तर कोणी परकीय शक्तींकडे. देणाऱ्याला जाणीव असो वा नसो, ही उत्तरे कोणत्या ना कोणत्या सिद्धांताची लोकप्रचलित रूपे असतात. गेल्या सुमारे पन्नास वर्षांत मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र यांनी त्यांची पद्धतशीर तपासणी केली आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी प्रमुख सिद्धांतांचा परामर्श घेऊन, बंगळूर शहराशी निगडित काही घटनांना ते कितपत लागू पडतात हे पाहावयाचे आहे.

बंगळूरची निवड सहेतुक आहे. डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात झालेल्या गोळीबारात गणिताचे निवृत्त प्राध्यापक मुनीशचंद्र पुरी यांचा मृत्यू झाला. त्यानंतर २५ जुलै २००८ ची स्फोटमालिका, एप्रिल २०१० मध्ये चिन्नास्वामी क्रीडांगणाबाहेरील स्फोट, एप्रिल २०१३ मध्ये मल्लेश्वरम, डिसेंबर २०१४ मध्ये चर्च स्ट्रीट आणि १ मार्च २०२४ रोजी रामेश्वरम कॅफे अशी या शहरातील घटनांची नोंद आहे. याखेरीज स्वतंत्र तमिळ ईलमसाठी लढणारी संघटना, जागतिक जिहादी चळवळ आणि हिंदुत्वाच्या नावाने विचारवंतांच्या हत्या केल्याचा आरोप असलेला गट, अशा परस्परभिन्न हिंसाधारांचे धागे येथे येऊन मिळतात. एकाच विचारसरणीच्या हिंसेला लागू पडणारा सिद्धांत अपुरा ठरतो. त्यामुळे सिद्धांतांच्या तुलनेला हे शहर विशेष सोयीचे आहे.

१. संज्ञेचा प्रश्न

'दहशतवाद' या शब्दाची सर्वमान्य व्याख्या नाही. डच अभ्यासक अलेक्स श्मिड यांनी १९८० च्या दशकात या संज्ञेच्या १०९ व्याख्या एकत्र करून त्यांतील समान घटक शोधले होते. भारतीय कायद्यात बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम १५ मध्ये व २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्ये 'दहशतवादी कृत्या'ची व्याख्या आढळते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कायदा कृत्याची व्याख्या करतो. 'दहशतवादी' नावाचा माणसाचा एखादा वेगळा प्रकार असतो, असे कृत्याच्या व्याख्येतून निष्पन्न होत नाही.

मराठी वाचकाला या प्रश्नाची ऐतिहासिक बाजू परिचित आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालातील क्रांतिकारी कटांचा इतिहास मुंबई प्रांतापासून, म्हणजेच पुण्याच्या या प्रकरणापासून सुरू होतो. समितीच्या दृष्टीने जे गुन्हेगारी कट होते, ते महाराष्ट्राच्या स्मृतीत क्रांतिकार्य म्हणून नोंदले गेले. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड रॅपपोर्ट यांनी आधुनिक दहशतवादाच्या अराजकवादी, वसाहतविरोधी, नवडावी आणि धार्मिक अशा चार लाटा मानल्या आहेत. त्यांच्या मांडणीतही हीच अडचण आहे, कारण एकाच संज्ञेखाली नैतिकदृष्ट्या अत्यंत भिन्न लढे येतात. म्हणून पुढील विवेचनात हिंसेची कारणमीमांसा आणि तिचे नैतिक मूल्यमापन या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. दोन घटनांना एकच कारणमीमांसा लागू पडली, तर त्यांचे नैतिक मूल्य समान ठरत नाही.

२. मनोविकृतीचे गृहीतक

१९७० च्या दशकात युरोपातील डाव्या सशस्त्र गटांच्या अभ्यासातून दहशतवाद्याच्या मनोविकृतीचा शोध सुरू झाला. बालपणातील आघात, दुखावलेला अहंभाव, पित्याविषयीचा सुप्त रोष अशा मनोविश्लेषणात्मक कल्पना त्या काळी पुढे आल्या. तथापि प्रत्यक्ष मुलाखती व चरित्रे यांच्या आधारे त्या टिकल्या नाहीत. मार्था क्रेनशॉ यांनी १९८१ मध्ये दहशतवादाच्या कारणांवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, दहशतवाद्यांचे सर्वांत ठळक सामाईक वैशिष्ट्य म्हणजे त्यांची सामान्यता होय. संघटनेच्या अंगानेही हे सुसंगत आहे. गुप्तता पाळणे, शिस्तीत राहणे आणि सहकाऱ्यांचा विश्वास संपादन करणे ज्याला जमत नाही, अशा व्यक्तीला गुप्त संघटना सहसा जवळ करीत नाही.

पुढील संशोधनाने या निष्कर्षाला एक महत्त्वाची मुरड घातली आहे. कोणत्याही गटाशिवाय एकट्याने हल्ला करणाऱ्यांमध्ये मानसिक आजाराचे प्रमाण गटात काम करणाऱ्यांपेक्षा लक्षणीय अधिक आढळते. तेव्हा 'दहशतवादी वेडे असतात' आणि 'दहशतवादी वेडे नसतातच' ही दोन्ही सरसकट विधाने अग्राह्य ठरतात.

३. वंचितता आणि वैफल्य

वैफल्यातून आक्रमकता जन्मते, हे सूत्र डोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मांडले. टेड गर यांनी १९७० मध्ये त्याला राजकीय रूप दिले. त्यांच्या मते निव्वळ दारिद्र्यातून बंड उद्भवत नाही. माणसाला जे आपल्या हक्काचे वाटते आणि जे त्याला प्रत्यक्षात मिळते, त्यांतील अंतर वाढले की बंडाची शक्यता वाढते. या अंतराला 'सापेक्ष वंचितता' म्हणतात.

कफील अहमद याचे उदाहरण या सिद्धांताच्या कसोटीला उपयुक्त आहे. ३० जून २००७ रोजी ग्लासगो विमानतळाच्या इमारतीवर वायूच्या टाक्या भरलेली जीप आदळविण्यात आली. ती चालविणारा कफील हा बंगळूरचा अभियंता होता. दावणगेरे येथे यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये पीएच.डी.चे संशोधन, असा त्याचा प्रवास होता. हल्ल्यात गंभीररीत्या भाजल्याने २ ऑगस्ट २००७ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याचा साथीदार बिलाल अब्दुल्ला हा इराकी वंशाचा डॉक्टर होता व डिसेंबर २००८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. या दोघांनाही आर्थिक अर्थाने वंचित म्हणता येणार नाही.

गरसिद्धांताचे समर्थक यावर असे म्हणतात की, वंचितता व्यक्तीची नसून ती ज्या समूहाशी एकरूप होते त्या समूहाची असू शकते. अब्दुल्लाच्या खटल्यात इराक युद्धाविषयीचा त्याचा संताप पुढे आला होता. हे उत्तर ग्राह्य मानले, तरी एक अडचण शिल्लक राहते. इराक युद्धाने संतप्त झालेल्यांची संख्या कोट्यवधी होती. त्यांपैकी हिंसेकडे वळलेले अत्यल्प. जे कारण कोट्यवधींना लागू आहे, ते मूठभरांचे वर्तन एकट्याने स्पष्ट करू शकत नाही.

शिक्षणशाखेच्या अंगाने डिएगो गॅम्बेटा व स्टेफन हर्टोग यांचे २०१६ मधील संशोधन उल्लेखनीय आहे. त्यांच्या नमुन्यातील इस्लामी जहालांपैकी ज्यांची उच्च शिक्षणाची शाखा ज्ञात होती अशा २०७ जणांत ९३ अभियंते होते. अभियंत्यांचे प्रमाण उजव्या अतिरेकी गटांतही अधिक आणि डाव्या गटांत कमी आढळले. निराश झालेली व्यावसायिक आकांक्षा आणि निश्चित, सुव्यवस्थित उत्तरांची ओढ यांच्या संयोगातून लेखकद्वय याची उपपत्ती लावते. लाखो अभियंत्यांच्या बंगळूरमध्ये या निष्कर्षाचा अर्थ विशेष जपून लावावयास हवा. जहालांत अभियंते अधिक, या विधानावरून अभियंत्यांत जहाल अधिक, असा उलट निष्कर्ष निघत नाही.

४. संघटना आणि व्यूहरचना

दुसऱ्या एका विचारधारेनुसार दहशतवाद हा दुर्बल पक्षाने हेतुपूर्वक निवडलेला डावपेच होय. रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ या काळातील ३१५ आत्मघातकी हल्ल्यांची पाहणी करून असा निष्कर्ष काढला की, बहुतेक मोहिमांमागे धार्मिक उन्मादापेक्षा परकीय सैन्य हटविण्याचे राजकीय उद्दिष्ट असते. त्या हल्ल्यांपैकी ७६ हल्ले 'लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम' या धर्मनिरपेक्ष संघटनेचे होते.

या सिद्धांताचा बंगळूरशी थेट संबंध येतो. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरंबुदूर येथे राजीव गांधी यांची आत्मघातकी हल्ल्यात हत्या झाली. कटाचा सूत्रधार शिवरासन आणि त्याचे साथीदार बंगळूरच्या कोननकुंटे भागातील एका घरात लपले होते. ऑगस्ट १९९१ मध्ये कमांडो पथक आत शिरले तेव्हा ते सर्व जण मृतावस्थेत आढळले. शत्रूच्या हाती जिवंत सापडायचे नाही आणि त्यासाठी सायनाइड जवळ बाळगायचे, हा त्या संघटनेचा दंडक होता. येथे व्यक्तीच्या मानसिकतेपेक्षा संघटनेची शिस्त अधिक बोलकी आहे.

तथापि व्यूहरचनेचा सिद्धांत संघटनेचे वर्तन स्पष्ट करतो. व्यक्ती त्या संघटनेत का जाते, याचे उत्तर त्यात सापडत नाही. शिवाय मॅक्स अब्राम्स यांनी २००६ मध्ये २८ संघटनांचा अभ्यास करून दाखविले की, नागरिकांवर हल्ले करणाऱ्या संघटना आपली राजकीय उद्दिष्टे क्वचितच साध्य करतात. डावपेच अयशस्वी ठरूनही माणसे त्यात का टिकून राहतात? अब्राम्स यांच्या पुढील लेखनानुसार याचे उत्तर राजकीय लाभात नसून गटातील सहवासात आहे.

५. नात्यांचे जाळे

याच मुद्द्यावर मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये भर दिला. १७२ जिहादींच्या चरित्रांवरून त्यांनी असे दाखविले की, बहुतेकांचा प्रवेश पूर्वीच्या मैत्रीतून वा नात्यातून झाला होता. विचारसरणी बहुधा नंतर दृढ होते. आधी सोबत मिळते. डोनातेला देला पोर्ता यांना इटली व जर्मनीतील डाव्या गटांतही हेच आढळले होते. कफील व अब्दुल्ला यांची ओळख केंब्रिजमध्ये झाली होती. २०१४ मध्ये कल्याणहून इराककडे गेलेले चार तरुणही एकाच शहरातील व एकमेकांच्या परिचयाचे होते. चापेकर तर सख्खे भाऊ होते आणि त्यांच्याभोवती व्यायाम व कवायत करणाऱ्या तरुणांचा गट होता. विचार आणि काळ भिन्न असूनही रचनेतील हे साम्य नजरेत भरते.

या सिद्धांताचा गैरवापर किती सहज होऊ शकतो, हेही ग्लासगो प्रकरणातच दिसून आले. कफीलचा नातेवाईक डॉ. मोहम्मद हनीफ याला जुलै २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे अटक झाली. आपले मोबाइलचे सिमकार्ड त्याने इंग्लंड सोडताना नातेवाइकाकडे ठेवले होते, एवढाच आधार होता. महिना उलटण्यापूर्वीच आरोप मागे घेण्यात आला. २००८ मधील क्लार्क चौकशीने तो निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला आणि २०१० मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने त्याला भरपाई दिली. जाळ्याचा सिद्धांत सांगतो की दहशतवाद्यांना बहुधा जवळचे साथीदार असतात. दहशतवाद्याचा प्रत्येक जवळचा माणूस साथीदार असतो, असे तो सांगत नाही.

६. जहाल मत आणि हिंसक कृती

डिसेंबर २०१४ मध्ये 'शमी विटनेस' हे ट्विटर खाते चालविल्याच्या आरोपावरून बंगळूरमध्ये एका तरुण अभियंत्यास अटक झाली. 'इस्लामिक स्टेट' या संघटनेच्या प्रचाराचे ते एक सर्वाधिक वाचले जाणारे इंग्रजी खाते होते. दिवसा नोकरी करणारा आणि रात्री भाड्याच्या खोलीतून दूरच्या युद्धाचे समर्थन करणारा असा हा तरुण होता. स्वतः कोणताही हल्ला केल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता.

मत आणि कृती यांचे नाते काय, हा प्रश्न अशा प्रकरणांतून उभा राहतो. क्लार्क मक्कॉली व सोफिया मोस्कालेन्को यांनी मताचा एक आणि कृतीचा दुसरा, असे दोन स्वतंत्र पिरॅमिड कल्पिले आहेत. मताच्या शिखरावर असणारे बहुसंख्य लोक कृतीच्या पायथ्याशीच राहतात. उलट, प्रखर मत नसतानाही मैत्रीखातर, साहसाच्या ओढीने वा सूडापोटी काही जण थेट कृतीच्या शिखरावर पोहोचतात.

मराठीच्या राजकीय परिभाषेला हा भेद अपरिचित नाही. 'जहाल' आणि 'मवाळ' हे शब्द राजकीय मताची व मार्गाची तीव्रता दर्शवितात. प्रत्येक जहाल हा शस्त्रधारी होता, असा त्यांचा अर्थ कधीच नव्हता. रँडच्या हत्येनंतर 'केसरी'तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून सप्टेंबर १८९७ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा देण्यात आली. हत्येतील सहभाग हा त्या खटल्याचा विषय नव्हता. लेखनामुळे वातावरण तापते आणि तापलेल्या वातावरणातून हत्या घडते, ही सरकारची धारणा त्यामागे होती. मताकडून कृतीकडे नेणारा एकच सरळ जिना मानणारे राज्य पुष्कळदा कृतीऐवजी मतालाच शिक्षा करीत जाते, याचे हे जुने उदाहरण होय. त्याचबरोबर, प्रत्यक्ष हिंसेस चिथावणी देणारा प्रचार निरुपद्रवी असतो, असेही या सिद्धांतावरून म्हणता येत नाही. त्याचा परिणाम प्रचारकापेक्षा त्याच्या एखाद्या वाचकावर होऊ शकतो.

७. टप्प्याटप्प्याने होणारा प्रवास

एका कारणाच्या शोधातून बाहेर पडून अलीकडचे अभ्यासक प्रक्रियेकडे पाहतात. 'का' या प्रश्नापेक्षा 'कसे' हा प्रश्न अधिक फलदायी असतो, असे जॉन हॉर्गन यांचे प्रतिपादन आहे. फथाली मोघद्दम यांनी २००५ मध्ये जिन्याचे रूपक मांडले. तळमजल्यावर अन्यायाची भावना बाळगणारे असंख्य लोक असतात; प्रत्येक मजल्यागणिक पर्याय कमी होत जातात आणि अगदी थोडे जण पाचव्या मजल्यावर पोहोचतात. आरी क्रुग्लान्स्की यांनी तीन घटक सांगितले : आपल्या जगण्याला अर्थ व महत्त्व असावे ही गरज, ते महत्त्व हिंसेतून मिळते असे सांगणारे कथन, आणि त्या कथनाला दुजोरा देणारा गट. अल्बर्ट बंडुरा यांनी यात नैतिक बंधने सैल होण्याची यंत्रणा दाखविली. सदसद्विवेक नष्ट होत नाही, तो तात्पुरता बाजूला सारला जातो. त्यासाठी हत्येला उदात्त नाव दिले जाते, जबाबदारी नेत्यावर सोपविली जाते आणि बळीचे माणूसपण नाकारले जाते.

५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळूरच्या राजराजेश्वरी नगरात पत्रकार गौरी लंकेश यांची त्यांच्या घराबाहेर गोळ्या झाडून हत्या झाली. विशेष तपास पथकाच्या आरोपपत्रानुसार ही हत्या महाराष्ट्र व कर्नाटकात पसरलेल्या एका गुप्त गटाने केली. मारेकरी व बळी यांच्यात वैयक्तिक वैर नव्हते. लंकेश यांची विचारसरणी हेच हत्येचे कारण होते, असे त्यात म्हटले आहे. तरुणांना हेरणे, वैचारिक तयारी करून घेणे, शस्त्रप्रशिक्षण देणे आणि शेवटी कामगिरी सोपविणे, असा क्रम तपास पथकाने मांडला. तो सिद्ध होणे वा न होणे हा न्यायालयाचा विषय आहे. मात्र या मांडणीत क्रुग्लान्स्की यांचे तिन्ही घटक आणि बंडुरा यांची यंत्रणा स्पष्ट ओळखू येते. ज्या व्यक्तीशी आपले कोणतेही वैर नाही, तिच्या हत्येला धर्मरक्षणाचे नाव दिले की ती कर्तव्य वाटू लागते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय केवळ सैद्धांतिक नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर (२० ऑगस्ट २०१३), कॉ. गोविंद पानसरे (फेब्रुवारी २०१५) आणि धारवाडचे डॉ. एम. एम. कलबुर्गी (३० ऑगस्ट २०१५) यांच्या हत्यांचा तपास लंकेश प्रकरणाशी जोडला गेला. दाभोलकर प्रकरणी १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली व अन्य तिघांची निर्दोष मुक्तता केली. म्हणजे हत्या करणारे हात न्यायालयासमोर सिद्ध झाले, त्यांमागील सूत्रधार मात्र सिद्ध होऊ शकला नाही. जिन्याच्या वरच्या पायरीवरील माणूस दिसतो. जिना बांधणारा दिसत नाही, ही या प्रकारच्या हिंसेच्या अभ्यासातील मोठी उणीव आहे.

८. सिद्धांतांच्या मर्यादा

या सर्व सिद्धांतांना एक मूलभूत अडचण लागू होते. 'दहशतवादी' म्हणून ज्यांचा अभ्यास करावयाचा, ती यादीच शंकास्पद असेल तर निष्कर्षही शंकास्पद ठरतो. मालेगावच्या २००६ मधील स्फोटांप्रकरणी अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. मालेगावच्याच २००८ मधील स्फोटप्रकरणी सातही आरोपी जुलै २०२५ मध्ये निर्दोष सुटले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांप्रकरणी दोषी ठरलेल्यांना निर्दोष ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. अटकेच्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या माहितीवरून ज्यांनी या आरोपींची मानसिक वा सामाजिक चित्रे रेखाटली असतील, त्यांची आधारसामग्रीच या निकालांनंतर उरत नाही.

दुसरी अडचण गणिती आहे. एक कोटी वस्तीच्या शहरात शंभर संभाव्य दहशतवादी आहेत आणि ९९ टक्के अचूक अशी एखादी कसोटी उपलब्ध आहे, असे क्षणभर मानावे. ती कसोटी शंभरांपैकी ९९ जणांना हेरेल. परंतु उर्वरित लोकसंख्येतील सुमारे एक लाख निरपराधांनाही दहशतवादी ठरवील. समाजशास्त्रातील कोणतीही कसोटी ९९ टक्क्यांच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणून वेश, धर्म, शिक्षण वा वय यांवरून दहशतवादी ओळखण्याचा प्रयत्न अन्यायकारक तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. तपासयंत्रणेचा वेळ आणि समाजाचा विश्वास अशा दोन्ही गोष्टी त्यात खर्ची पडतात.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, प्रत्येक सिद्धांत वेगळ्या पातळीवरील प्रश्नाचे उत्तर देतो. वंचिततेचा सिद्धांत असंतोष कोठे साचतो ते सांगतो. व्यूहरचनेचा सिद्धांत संघटना हिंसा का निवडते ते सांगतो. जाळ्याचा सिद्धांत व्यक्ती संघटनेपर्यंत कशी पोहोचते ते दाखवितो. आणि प्रक्रियेचे सिद्धांत सामान्य माणसाच्या हातून हत्या कशी शक्य होते हे उलगडतात. कोननकुंटेतील शिस्त, कफीलचे मित्रवर्तुळ, 'शमी विटनेस'चा प्रचार आणि लंकेश यांची हत्या यांना सामावून घेणारे एकच सूत्र उपलब्ध नाही, आणि तसे सूत्र सापडल्याचा दावा करणाऱ्याविषयी सावध राहणे इष्ट होय.

या सिद्धांतांतून प्रतिबंधाच्या दिशेने एक निष्कर्ष मात्र निघतो. जिन्याच्या तळमजल्यावर न्याय्य तक्रारीला सनदशीर वाट मिळणे, मधल्या मजल्यांवर मित्र, कुटुंब आणि शिक्षक यांनी संवाद न तोडणे, आणि वरच्या मजल्यावर पुराव्यावर आधारलेला नेमका तपास होणे, या तीन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. पोलिसांना तळमजल्यावर पाठविले की निरपराधांचा छळ होतो. आणि वरच्या मजल्यावरील प्रश्न केवळ प्रबोधनाने सुटेल असे मानले की दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी आणि लंकेश यांच्यासारख्यांचे प्राण जातात. कारणे समजून घेणे म्हणजे कृत्याचे समर्थन करणे नव्हे. कोणती जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याची ती पूर्वअट आहे.